पांढरी पाचच्या जरा वर

कव्हरवर दोघं खांद्याला खांदा लावून उभे आहेत.
ते खांदे जोडताना मी पाहिलंय,
फाल्काटोसाहेबांच्या टेबलावर, कात्री आणि डिंक.
तिचा फोटो लिस्बनचा, नोव्हेंबरातला, शाल गळ्यापर्यंत.
त्याचा लुआंडाचा, वरची दोन बटणं उघडी.
सावल्या उलटसुलट पडत होत्या,
त्या पुसून टाकल्या.

एर्मेलिंदा ताबोर्दा फादो गायची,
डोळे मिटून, एकेक शब्द असा ठेवत
जसा सेटमधला उरलेला एकुलता कप
बाई फळीवर ठेवते.
झेफेरिनो काहुंबा सेंबा गायचा.
त्याच्या गाण्यात बोटी बुडत, पगार थकत, माणसं जात
आणि तरी ऐकणाऱ्याची कंबर हलायची.

कंपनी म्हणाली, दोघांना एकत्र आणा,
दोन्हीकडे खपेल.

ती विमानात बसायला तयार नव्हती.
तिचा धाकटा भाऊ सरकारी गणवेशात तिकडे लढायला गेला
आणि आला तो पेटीतून.
त्याला आधी व्हिसा मिळेना.
मिळाला, तर म्हणाला,
माझ्या बापाला ज्यांनी वेठीला धरलं
त्यांच्या दारात मी टोपी काढणार नाही.

म्हणून टेप आली.
मक्याच्या पिठाच्या गोणपाटात शिवलेली,
उघडताना माझ्या पॅन्टवर पीठ सांडलं.

टेपवर आधी घरघर.
शहरात वीज नव्हती, स्टुडिओ जनरेटरवर चाललेला.
मी होते नव्हते ते फिल्टर लावले.
घरघर जायची, पण तिच्याबरोबर
त्याच्या आवाजातलं हाडही जायचं.
आमचा गिटारवाला आन्सेल्मो, एका कानाने अधू,
दुसरा कान स्पीकरला लावून म्हणाला,
अरे, हा सूर आहे. पांढरी पाच.
पांढरी पाचच्या जरा वर.
आणि आपल्या बाराच्या बारा तारा
त्याने जनरेटरला मिळवल्या.

एर्मेलिंदा दोन रात्री भांडली.
माझं दुःख बसायला जागा मागतं,
आणि हा माणूस खुर्ची ओढून नेतो.
तिसऱ्या रात्री, शेवटची ट्राम गेल्यावर,
चपला काढून, एकदाच गायली.
घरी जाताना कुणाशी बोलली नाही.

दुसऱ्या कडव्याआधीची शांतता लोकांना फार आवडते.
रेडिओवाला म्हणाला, तिथे दोन देश
एकमेकांच्या डोळ्यांत बघतात.
तिथे ती खोकली होती.
मी ब्लेडने कापून दीड वीत कोरी पट्टी चिकटवली,
एवढंच.

ती गेल्याला वर्ष झालं तेव्हा झेफेरिनो आला.
मुलगी इथे नर्स आहे, तिच्याकडे आलोय म्हणाला.
टोपी डोक्यावरच.
जिना चढून दम लागलेला, पाणीही नको म्हणाला.
मूळ टेप लाव. मला काढ, तिला एकटीला ठेव.

मी त्याचा आवाज खाली ओढला,
त्याच्याबरोबर जनरेटरही गेला.
उरली ती, आणि बारा तारा,
आता न वाजणाऱ्या कशाला तरी मिळवलेल्या.
हेडफोनसाठी त्याला टोपी काढावी लागली.
पहिल्यांदा ऐकताना म्हणाला,
इथे थांबलीये बघ माझ्यासाठी. मी कुठेच नाही.
दुसऱ्यांदा काही बोलला नाही.
तिसऱ्यांदा माइककडे बोट केलं.

मला वाटलं, पुन्हा गाईल.
कंपनी बुडालेली, टेप महाग, मी तरी लावली.
तो गायलाच नाही.
तोंड मिटून, छातीतून, एकच सूर धरला,
पांढरी पाचच्या जरा वर,
आणि ती गात असेपर्यंत सोडला नाही.
खोकल्यापाशी फक्त थांबला.
ती घसा साफ करून परत येईपर्यंत
वाट पाहिली, मग पुन्हा धरला.

मधेच खालून ट्राम गेली,
काचा थरथरल्या.
मी थांबवलं नाही.